म्हणून

"सध्या काय खाताय?" रिपोर्टवरची नजर न हलवता डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, आवाजात जरा तोराच होता. "भात बंद, भाकरी बंद, चपाती बंद. गूळ-साखरेला तर अडीच महिन्यांत बोट लावलेलं नाही."

"म्हणून," डॉक्टर म्हणाले.

एवढंच. मग त्यांचा फोन वाजला, ते कुणाला तरी इंजेक्शनचं काहीबाही सांगत बाहेर गेले, आणि मी त्या एका शब्दाकडे बघत बसले. समोरच्या कागदावर रक्तातल्या साखरेचे दोन आकडे होते. उपाशीपोटी ९४. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १७८. दुसरा आकडा १४०च्या आत हवा, २००ला पोचला की मधुमेह, हे मला तोवर पाठ झालं होतं. म्हणजे मी अधल्यामधल्या ओसाड माळावर, त्यातही पल्याडच्या गावाला जवळ. अडीच महिने मन मारून जगलेल्या बाईला हा निकाल म्हणजे वर्षभर अभ्यास करून नापास होण्यासारखं होतं. आणि वर हे 'म्हणून'. खाल्लं म्हणून वाढली असं ऐकायची सवय असते आपल्याला. खाल्लं नाही म्हणून वाढली?

दिवाळीआधी ऑफिसात तपासणीचं शिबिर झालं, तिथून हे सुरू झालं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीएवनसी माझी ५.९ निघाली. ५.७च्या पुढे गेलं की सावध राहायचं. बाकीच्या बायका एकमेकींचे आकडे विचारत हसत होत्या, आणि माझ्या डोळ्यांसमोर आबांचा, माझ्या आजोबांचा, उजवा पाय आला. अंगठा नसलेला. घरी आले आणि पिठाचे डबे आईकडे पाठवून दिले. पनीर, अंडी, पालेभाज्या, मूठमूठ शेंगदाणे. मिसळ खायची तर नुसती, ब्रेडशिवाय. कोल्हापुरात राहून हे करून बघा एकदा. हॉटेलातल्या पोऱ्यानं प्लेट ठेवली, ब्रेडचे स्लाइस ठेवले, मी स्लाइस परत केले, तेव्हा त्यानं गल्ल्यावरच्या मालकाकडे असं बघितलं की घरात काही वाईट घडलंय की काय.

वजन पाच किलोनं उतरलं. लोक विचारायला लागले. मग मला सर्टिफिकेट हवंसं वाटलं, खरं कारण हेच. कुणी सांगितलं नव्हतं, मीच जाऊन ती ग्लुकोजची मोठी तपासणी करून घेतली. लॅबच्या चिठ्ठीवर 'दहा तास उपाशी या' एवढंच लिहिलं होतं. पहिलं रक्त घेतल्यावर तिथल्या पोरानं ग्लास आणून दिला. ७५ ग्रॅम ग्लुकोज, ग्लासभर पाण्यात. "पाच मिनिटांत संपवा काकू, मध्ये थांबू नका." मी कशाला थांबते! अडीच महिन्यांनी जिभेवर गोड आलं होतं. लोकांना ते पाणी घशाखाली उतरत नाही म्हणतात, मळमळतं. मला ते रंकाळ्यावरच्या उसाच्या रसापेक्षा गोड लागलं, आणि शेवटचा घोट मी तोंडात घोळवला. तपासणीच्या ग्लासात इतका आनंद व्हावा याची शरम वाटली, आजूबाजूला कुणी बघितलं नाही ना तेही बघितलं. त्या आनंदाचीच शिक्षा म्हणून १७८ आले असंही दिवसभर वाटत राहिलं.

डॉक्टर परत आले. दवाखाना शाहूपुरीत. शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली पेठ, आणि तिथं बसून मी साखरेचं रडगाणं गाणार. त्यांनी चिठ्ठीवर औषध लिहिलंच नाही. लिहिलं ते असं: 'तीन दिवस नेहमीचं जेवण. दिवसाला किमान १५० ग्रॅम कर्बोदकं. मग पुन्हा तपासणी.' आणि तोंडी म्हणाले, "ताई, ही तपासणी तुमची नाही झाली. तुमच्या अडीच महिन्यांची झाली."

त्या रात्री झोप येईना. मोबाइलच्या उजेडात वाचत पडले. वाचता वाचता कळलं की हा 'म्हणून' फार जुना आहे. १८९०मध्ये प्रागला फ्रान्झ हॉफमाइस्टर नावाच्या संशोधकानं कुत्र्यांना उपाशी ठेवलं आणि मग खायला घातलं, तर त्यांच्या लघवीतून साखर जायला लागली. चांगल्या धडधाकट कुत्र्यांच्या. त्यानं त्याला नाव दिलं भुकेचा मधुमेह. पुढं १९३५ साली लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थनं निरोगी पुरुषांवर तेच बघितलं, उपाशी न ठेवता. माणूस तोच, कधी पिष्ट पदार्थ भरपूर आणि चरबी कमी, कधी उलट. चरबीवर पोसलेल्या दिवसांनंतर ग्लुकोज दिलं की रक्तातली साखर उंच चढायची आणि उतरायला वेळ लावायची. भात-पावावर पोसलेल्या दिवसांनंतर तोच माणूस तेवढंच ग्लुकोज गुमान जिरवायचा. १९४०मध्ये अमेरिकेत जेरोम कॉननं सांगून ठेवलं की या तपासणीआधी जेवण ठरवून दिल्याशिवाय निकालाला अर्थ नाही. १९४०! आणि माझ्या लॅबच्या चिठ्ठीवर दहा तास उपाशी या. रागानं मी उठून बसले. नवरा झोपेत म्हणाला, "काय झालं?" म्हटलं, "कुत्रा." तो पुन्हा घोरायला लागला.

हे सगळं मला समजलं ते मात्र गुऱ्हाळामुळे. माझं आजोळ भोगावतीच्या काठचं. मामाचं गुऱ्हाळ होतं, आता मामेभाऊ चालवतो. दिवाळीनंतर चरक सुरू झाला की होळीपर्यंत तिथं दिवसरात्र जाग असते. चुलवाणात चिपाडं टाकणारा सारखा टाकत असतो, काहिलीत रस उकळत असतो, भेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते, झाऱ्यानं ती काढायची, आणि गुळव्या नुसता बुडबुड्यांकडे बघत उभा. बोटावर थेंब घेऊन पाण्यात सोडतो, गोळी वळते का बघतो, आणि हात वर करतो. त्या क्षणी काहील उतरलीच पाहिजे. सगळ्यांना आपापलं काम कळलेलं असतं, कुणी कुणाला सांगत नाही. आता समजा, भर श्रावणात तुम्ही उसानं भरलेली ट्रॉली नेऊन त्या गुऱ्हाळाच्या दारात ओतली तर? चुलवाणात पाणी साचलेलं, चरकाला गंज, गुळव्या आपल्या गावी भात लावतोय. ऊस दारातच पडून राहणार. आत कुणी वाईट नाही, कुणी कामचुकार नाही. हंगाम नाही एवढंच.

माझ्या आत श्रावण होता.

धान्य येईनासं झालं की शरीर चरबीवर संसार चालवायला लागतं. रक्तात चरबीची आम्लं फिरायला लागतात, स्नायू तीच जाळतात आणि साखर दारात आली तर 'आम्हाला नको' म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे. जी थोडी साखर घरात आहे ती मेंदूला हवी; त्याला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, आणि रक्तातल्या तांबड्या पेशींना तर दुसरं काही चालतच नाही. मग थोरल्या भावांनी आपलं ताट धाकट्याकडे सरकवावं तसं स्नायू करतात. यकृत प्रथिनांतून, चरबीच्या उरल्यासुरल्या भागातून नवी साखर बनवून पुरवत राहतं. आणि स्वादुपिंड, जे एरवी पहिल्या घासालाच इन्सुलिनचा लोट सोडतं, ते कामच नसल्यानं जरा सुस्तावतं. अशात कुणी अचानक ७५ ग्रॅम ग्लुकोज ओतलं तर ते रक्तातच रेंगाळणार. दोन-चार दिवस नीट जेवण पोचलं की पुन्हा सगळे कामाला लागतात. इतकं साधं. पण खरं सांगायचं तर मला नुसतं बरं वाटलं नाही. थोडी फसवणूक झाल्यासारखंही वाटलं. मला वाटत होतं मी शरीराला शिस्त लावतेय, आणि ते बापडं दुष्काळ पडलाय असं समजून घर चालवत होतं.

आबांचं उलट झालं. ते तालमीतले. खासबाग मैदानात एका कुस्तीत त्यांनी पटका जिंकला होता, तो आजीनं ट्रंकेत जपून ठेवलेला. पहाटे उठून जोर, बैठका, मेहनत, मग बादामाची थंडाई, गंगावेशीला जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध, दुपारी मटण आणि चार-चार भाकरी, आणि जेवणावर गुळाचा खडा. खडा म्हणजे आपला खडा नव्हे, पैलवानाचा. तोवर काही झालं नाही, कारण जायला जागा होती. मेहनतीनं रिकामे झालेले स्नायू साखर ओढून घेतात, त्या वेळी इन्सुलिननं दार उघडून देण्याचीही तितकी गरज लागत नाही. पुढं गुडघा गेला, तालीम सुटली, नगरपालिकेत चिकटले, खुर्ची मिळाली. थाळी तेवढीच राहिली. ते म्हणायचे, "पैलवानाचं पोट हाय, एवढं-तेवढं काय व्हतंय." आजीला मोरीत मुंग्यांची रांग दिसायला लागली तेव्हा तिनं हळद टाकली. वर्षभर हळद टाकली. मग कुणीतरी सांगितलं, लघवीतून साखर जातेय म्हणून. पायाची जखम त्यानंतरची.

गूळ मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. भर उन्हात घरी कुणी आलं की त्याच्यापुढे तांब्या आणि गुळाचा खडा ठेवायचा, ही आमच्या घरची रीत. लहानपणी मला तो फक्त गोड शिष्टाचार वाटायचा. आता कळतं, येणारा चार-सहा मैल चालत आलेला असायचा. त्याच्या पायांनी आधीच जागा करून ठेवलेली असायची. आता पाहुणा स्कूटरवरून येतो आणि आपण त्याला पेढे देतो. अर्थात हे बोलायला मी कोण, मी स्वतः चार माळ्यांच्या इमारतीत लिफ्टनं जाते.

गुळावरून आठवलं. कोल्हापुरी गुळाला जीआय आहे याचा आपल्याला भारी अभिमान. भौगोलिक मानांकन, म्हणजे हा गूळ इथलाच, दुसऱ्यानं नाव लावायचं नाही. माझ्या मोबाइलात त्या रात्री दुसराच जीआय भेटला, ग्लायसेमिक इंडेक्स. १९८१मध्ये टोरांटोच्या डेव्हिड जेनकिन्सनं सुरू केलेला, कुठला पदार्थ रक्तातली साखर किती वेगानं चढवतो ते सांगणारा, ग्लुकोजला १०० धरून. गुळाकडे दोन्ही जीआय आहेत, आणि दुसऱ्याचा अभिमान धरावा असं काही नाही. गूळ म्हणजे बराचसा साखरच. लोह-बिह असतं, पण त्यासाठी गूळ खायचा तर ढेप खावी लागेल. हे मी मामेभावाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

त्याच्या पोराचं एक मनात राहिलंय. पथ्य सुरू होऊन महिना झाला असेल, आजोळी गेले होते. गुऱ्हाळ पेटलेलं. पोरगं दहा-अकरा वर्षांचं, पळत आलं, हातात द्रोण, द्रोणात वाफाळती काकवी. "आत्या, पहिल्या काहिलीची." त्या वासात काय काय असतं ते इथं वाढलेल्यालाच कळेल, जळत्या चिपाडांचा धूर, ओल्या मातीचा गारवा, आणि मधोमध ते जाड, तांबूस गोड. मी हात मागे घेतला. "नको रे, मला साखर आहे." खरं तर नव्हती तेव्हा, नुसता आकडा होता. त्यानं द्रोणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळू आवाजात विचारलं, "बोट बुडवून पण नको?" मी नको म्हटलं. नियम म्हणजे नियम. परतताना फुलेवाडीच्या नाक्यापर्यंत तो द्रोण डोळ्यांसमोर होता.

तर, तीन दिवस भाकरी. पिठाचे डबे आईकडे होते म्हणून मीच आईकडे गेले, मंगळवार पेठेत. आईला सगळं समजावलं. हिम्सवर्थ, कुत्री, श्रावण. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे डॉक्टरनं भाकरी लिवून दिलीया." व्हय म्हटलं. "फी किती घेतली?" सांगितली. तिनं कपाळाला हात लावला. "मी फुकट सांगत हुतो की." (आमच्याकडच्या बायका 'हुतो', 'जातो', 'येतो'च म्हणतात, पुण्याच्या माझ्या जावेला अजून त्याचं हसू येतं.)

१५० ग्रॅम म्हणजे काय याचा मी वहीत हिशेब मांडला होता. ज्वारीच्या दोन मध्यम भाकरी, वाटीभर भात, मटकीची उसळ, एक केळं, होतात दिवसाचे. आईनं वही बाजूला सारली आणि परात पुढं ओढली. गरम पाण्यात शाळूचं पीठ मळताना तिचा हात अजून तसाच चालतो, तळव्याच्या टाचेनं रगडून रगडून. थापताना परातीचा तो ठेका. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं की चर्रर्र. विस्तवावर फुगली आणि तिनं ती माझ्या ताटात टाकली, पापुद्रा फोडून आत लोणी. पहिला घास मी मुद्दाम सावकाश चावला. पिष्टाचं पचन तोंडातच सुरू होतं, लाळेतलं अमायलेज त्याला तोडायला लागतं, म्हणून भाकरी चावत राहिलं की गोड लागते. हे शाळेत शिकवलेलं. पण अडीच महिन्यांच्या जिभेला ते शिकवावं लागलं नाही. भाकरी इतकी गोड असते? आईला विचारलं. ती म्हणाली, "भूक गोड आसती."

दुसऱ्या दिवशी तिनं रात्रीचा भात फोडणीला टाकला. मी नाक मुरडणार तेवढ्यात आठवलं की शिजलेला भात गार झाला की त्यातलं थोडं पिष्ट पुन्हा घट्ट बांधलं जातं, लहान आतड्यात पचत नाही, पुढं मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जातं. परत गरम केला तरी त्यातलं काही तसंच राहतं. फरक थोडाच, पण असतो. दुपारी आंबील होती, आंबट, ताक घालून. आंबटानं जठर जरा दमानं रिकामं होतं. तिसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे मटण. आधी वाटीभर पांढरा रस्सा प्यायचा, मग सुकं, मग तांबड्याबरोबर भाकरी, भात शेवटी. प्रथिनं आणि भाज्या आधी, भात-पोळी नंतर, असं जेवलं तर साखर कमी चढते म्हणतात. आमच्याकडं हे कुणी साखरेसाठी करत नाही. पांढरा रस्सा थांबून गार का करायचा, एवढाच त्यामागचा विचार. आईच्या स्वयंपाकात प्रत्येक गोष्टीला कारण सापडतंय म्हणून मी खूश होऊन तिला सांगत सुटले, तर ती एकदम म्हणाली, "तुजं आबाबी हेच खाऊन गेलं."

मी गप्प बसले.

तेही खरंच होतं. हीच भाकरी, हाच रस्सा, हीच परात. त्या रविवारी जेवण झाल्यावर मी पडले नाही. आईलाही उठवलं, दोघी रंकाळ्यावर गेलो. चौपाटीवर भेळवाले मांडामांड करत होते, पाण्यावरून गार वारा येत होता. आई गुडघ्यांमुळे हळू चालते, मी तिच्या चालीनं. जेवून वीस मिनिटं चाललं तरी पायाचे स्नायू साखर ओढून घेतात, हे मी तिला सांगितलं नाही. पुरे झालं होतं माझं. मध्येच एका बाकावर बसून ती म्हणाली, "शेवटी शेवटी त्येंनी पोरांना सांगून ठेवलं हुतं, गूळ लपवून आना म्हनून. मला ठाऊक हुतं. मी बघून न बघितल्यावानी केलं." पाण्याकडे बघत म्हणाली. मला कळेना, ती माझ्याकडून काही ऐकायची वाट बघतेय की नुसतं सांगतेय. मी तिचा हात धरला. पिठाचा वास होता हाताला.

सोमवारी तीच लॅब, तोच पोरगा, तोच ग्लास. या वेळी ग्लुकोज नको इतकं गोड लागलं, अर्ध्यावर खरंच मळमळलं. दोन तास बाकावर बसून काढले. समोर एक म्हातारे गृहस्थ, डोक्याला फेटा, ग्लास हातात धरून बसले होते. पोरगा म्हणाला, "आजोबा, प्या की." ते म्हणाले, "आरं, येवढं ग्वाड पिलं तर साकर दिसनारच की मग." सगळे हसले. मी त्यांच्याकडे सरकले आणि विचारलं, "आजोबा, गेले तीन दिवस जेवलाय न्हवं नीट?"

१३२ आली. डॉक्टरांनी कागद बघून मान हलवली, पण हसले नाहीत. म्हणाले, हा ठीक आहे, पण ते ५.९ काही खोटं नव्हतं, घराण्यात आहे, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. भाकरी सोडू नका, मोजा. चाला. एवढंच. मला वाटलं होतं की बाहेर पडताना हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. शाहूपुरीच्या रस्त्यावर एका दुकानासमोर गुळाचे रवे उतरवत होते, कापडात बांधलेले, आणि माशा घोंघावत होत्या. मी तिथंच थांबून आईला फोन लावला, आकडा सांगितला.

"बरा हाय व्हय?"

"बरा हाय."

"मग येतीस का जेवाय? किती भाकरी टाकू?"

"दीड."

पलीकडं थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग परात ओढल्याचा आवाज आला. "आर्धी कुनी खायाची?" आई म्हणाली.